इगतपुरी ते सप्तशृंगगड सायकल सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून ही चार दिवसांची सहल काढतो. नावनोंदणी सुरू झाली की फोन वाजायला लागतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. आधी हे वाचा, मग फोन करा. ‘घाट झेपेल का’ आणि ‘वाइन कधी’ या दोन प्रश्नांना सगळ्यात जास्त मागणी असते. दोन्ही खाली आहेत.

रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

पहिल्या दिवशी इगतपुरीहून घोटी, तिथून बारीच्या रस्त्याने कळसूबाईच्या पायथ्याला वळसा घालून भंडारदऱ्याजवळचं शेंडी. अंतर सुमारे ४० किमी. संध्याकाळी प्रवरेवरचं धरण बघायचं. १९२६ साली पूर्ण झालेलं हे दगडी बांधकाम अजून भक्कम उभं आहे.

दुसरा दिवस सगळ्यात लांब, सुमारे ७५ किमी. आल्या वाटेने घोटीला परत, मग वैतरणा धरणाच्या बाजूने आणि पहिनेमार्गे त्र्यंबकेश्वर. तिसरा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. त्र्यंबकहून अंजनेरीच्या पायथ्याने निघून, मुख्य रस्ता सोडून गावागावांतून गंगापूर धरणाच्या जलाशयाकडे आणि दुपारपर्यंत नाशिक. चौथ्या दिवशी दिंडोरी, वणी, नांदुरी आणि शेवटी सप्तशृंगगडाचा घाट, मिळून ६५ ते ७० किमी. गडावरून नाशिकपर्यंतचा परतीचा प्रवास सोबतच्या टेम्पो आणि गाडीने.

रोज शंभर किमी न करता एवढंच का?

कारण नकाशावरचे किमी इथे फसवतात. घोटी ते बारी हा रस्ता सपाट वाटतो आणि सपाट नसतो. दर दोन-तीन किमीला एक ओढा, त्यात उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. घाट निदान ‘मी घाट आहे’ असं सांगून समोर येतो, माणूस तयारीत असतो. या लहान लहान चढउतारांची मात्र कुणी दखल घेत नाही आणि पाय तिथेच संपतात.

शिवाय थांबायला वेळ हवा. नोव्हेंबर-डिसेंबरात घोटीच्या पट्ट्यात भाताची कापणी उरकून मळणी चाललेली असते. घोटी हे भात गिरण्यांचं गाव, त्यामुळे रस्त्यात पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर भेटतात. ते बघायचं नसेल आणि फक्त ॲपवर सरासरी वेग चढवायचा असेल तर मुंबई-आग्रा महामार्ग मोकळाच आहे.

मला जमेल का? मी रोज सायकल चालवत नाही.

एका दमात नाही पण थांबत थांबत, सपाट रस्त्यावर ५० किमी होतात का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा ३० किमी? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर जमेल. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. एक दिवस मर्दुमकी गाजवणारे बरेच असतात. दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना चेहरा वाकडा होतो, तिथे खरी परीक्षा असते.

पुणेकरांनी महिनाभर आधीपासून सिंहगडाचा घाट आठवड्यातून एकदा चढावा. तो चढला तर नांदुरीचा, म्हणजे सप्तशृंगगडाचा घाट नवा वाटणार नाही, कारण सिंहगड त्याच्यापेक्षा खडा आहे. ठाणेकरांना येऊरचा चढ आहे. तो छोटा असला तरी दोन-तीन फेऱ्या मारल्या की काम होतं. नाशिककरांना काय सांगायचं? डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली त्या शहरातली ही मंडळी. तीच आम्हाला शिकवतात.

कुठली सायकल आणावी?

गिअरची, ब्रेक चांगले असलेली आणि तुमची स्वतःची. मित्राची महागडी रोड बाईक आदल्या दिवशी मागून आणू नका. सीटची उंची चुकली तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, सगळ्यात सोयीची. एमटीबी (डोंगरी सायकल) चालेल, फक्त टायर फार गुटगुटीत असले तर डांबरावर उगाच जास्त जोर लावावा लागतो. रोड बाईकही चालेल, पण टायर किमान २८ मिमीचे असू द्या, कारण पहिने भागात आणि धरणाकाठी काही ठिकाणी डांबर नावापुरतंच उरलेलं असतं.

गिअरबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथेच लोक फसतात. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे ३२ दातांची असेल तर मिनिटाला ६० पॅडल मारून ताशी साधारण ८ किमी वेग पडतो. नांदुरीच्या घाटात हाच वेग बरोबर आहे. मागची सगळ्यात मोठी चकती २५-२८ दातांचीच असेल तर तोच चढ उभं राहून, सायकल डावी-उजवी हेलकावत काढावा लागतो. दहा किमी तसं कुणाला जमत नाही. निघण्यापूर्वी दुकानात जाऊन कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच बदलून घ्या. नव्या हेल्मेटपेक्षाही आधी हा खर्च करा असं म्हणणार होतो, पण हेल्मेटशिवाय आम्ही कुणालाच घेत नाही. तेव्हा दोन्ही करा.

सगळ्यांनी एकत्रच चालवायची का? मी हळू आहे, माझ्यामुळे इतरांना थांबावं लागेल.

हा प्रश्न विचारणारे सहसा सगळ्यात कमी त्रास देतात. त्रास देतात ते न विचारणारे.

चढावर गट फुटतोच. तो फुटू द्यायचा, कारण चढावर दुसऱ्याच्या वेगाने जाणं ही शिक्षा आहे. हळू चालवणारा जोर लावून धापा टाकतो आणि जोरात चालवणारा वेग मारून कंटाळतो. म्हणून आमचा नियम असा: चढ ज्याचा त्याने आपापल्या वेगाने चढायचा आणि माथ्यावर थांबायचं. शेवटचा माणूस माथ्यावर आला की लगेच निघायचं नाही. एरवी आधी आलेले अर्धा तास बसून चिक्की खाऊन ताजेतवाने झालेले असतात आणि शेवटचा आल्याआल्या ‘चला!’ म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. आमच्याकडे शेवटच्याने पाणी पिऊन, बसून, ‘निघूया’ म्हटल्याशिवाय कुणी सायकलीला हात लावायचा नाही.

सगळ्यात पुढे एक जाणकार असतो, त्याला ओलांडायचं नाही. सगळ्यात मागे एक जण असतो किंवा असते, त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही. मागच्याकडे पंप, ट्यूब, प्रथमोपचाराचं साहित्य आणि भरपूर संयम असतो. हे मागचं काम आम्ही मुद्दाम गटातल्या सगळ्यात दमदार माणसाला देतो. त्याचा वेग त्यामुळे आपोआप आवरला जातो आणि घाटात एखाद्याच्या पायात गोळा आला तर तोच मागून येऊन मदत करू शकतो.

फाट्यांवर चुकामूक होते. घोटीला महामार्ग ओलांडताना आणि वारंघुशी फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. फाट्यावर पोचलेल्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, मागच्याने त्याच्या मागच्यासाठी. एवढं पाळलं की कुणी हरवत नाही.

उतारावर तर मजाच मजा ना?

आमची सगळी काळजी उताराचीच असते. चढावर माणूस पडला तर गुडघा खरचटतो. उताराचं तसं नाही.

पहिली गोष्ट, ब्रेक वळणाआधी लावायचा, वळणात नाही. वळणात ब्रेक दाबला आणि तिथे खडी असली की चाक सरकतं, आणि डिसेंबरात घाटातल्या प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या कडेला पावसात वाहून आलेली खडी तशीच पडलेली असते. दुसरी, ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. रिम ब्रेकच्या (चाकाच्या कड्याला घासणाऱ्या ब्रेकच्या) सायकलींची रिम लांब उतारावर इतकी तापते की हात लावला तर चटका बसतो. तिसरी, बारीच्या उताराच्या शेवटी गाव लागतं आणि गाव म्हटलं की गतिरोधक आलाच. त्यावर पांढरे पट्टे असतीलच असं नाही. त्याच्या पलीकडे कोंबडी, म्हैस आणि शाळेतून सुटलेली पोरं असतात.

दिंडोरी-वणी रस्त्यावर भाजीच्या क्रेटनी भरलेले पिकअप असतात. बाजाराची वेळ गाठायची म्हणून ते सकाळी घाईत जातात. मागून हॉर्न आला की डावीकडे सरका, हात दाखवून वाद घालू नका. आणि कानात इअरफोन घालून कुणी उतार उतरताना दिसलं तर त्याची सायकल उरलेल्या दिवसासाठी टेम्पोत चढते. याला अपवाद नाही.

सप्तशृंगगडावरून आम्ही कुणालाही सायकलने उतरू देत नाही. तीव्र वळणं, बस आणि भाविकांच्या गाड्यांची वर्दळ, त्यात दिवसभराचे थकलेले हात. वाद घालून उपयोग नाही.

पंक्चर झालं तर?

होणारच. या भागात बाभूळ आहे आणि बाभळीच्या काट्याला तुमचा टायर कितीचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप जवळ ठेवायचा. टेम्पोत मोठा पंप असतो, पण टेम्पो नेहमी तुमच्या मागेच असेल असं नाही.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, आणि सावकाश फिरवा. काटा बाहेरून मोडलेला असतो, दिसत नाही. आत मात्र त्याचं तपकिरी टोक मिलिमीटरभर वर आलेलं असतं आणि नखाला अडकतं. बाहेरून ढकलून, आतून चिमट्याने किंवा नखाने ओढून काढायचं. हे न करता नवी ट्यूब घातली की पन्नास मीटरवर पुन्हा हवा जाते आणि मग माणूस ट्यूब बनवणाऱ्या कंपनीला शिव्या देतो.

सायकल इगतपुरीपर्यंत कशी आणायची?

मुंबई-ठाण्याची मंडळी पहाटेच्या कसारा लोकलने मालडब्यातून येतात. सामानाचं तिकीट काढा आणि गर्दीची वेळ टाळा. कसाऱ्याहून घाट सायकलने चढायची हौस ज्यांना आहे त्यांनी ती जरूर भागवावी, पण तो महामार्ग आहे, ट्रकांची रांग असते आणि हा टप्पा आपल्या सहलीत धरलेला नाही. बाकीच्यांसाठी कसाऱ्याहून टेम्पो ठरवतो. लांब पल्ल्याच्या गाडीने येणार असाल तर सायकल पार्सलमध्ये बुक करावी लागते आणि ती त्याच गाडीने येईल याची खात्री स्टेशनवरच करून घ्यावी लागते.

समृद्धी महामार्गाने सायकल चालवत येता येईल का, असंही विचारतात. नाही. तिथे दुचाकीलाही परवानगी नाही.

थंडी किती असते?

सकाळी सातला भंडारदऱ्याला बोटं आखडतात. जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या येतात, त्याच जिल्ह्यात आपण बहुतेक वेळ असतो. अकरा वाजता मात्र घामाच्या धारा. तेव्हा जाड स्वेटर नको. पातळ बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि खिशात मावेल असं वाऱ्याचं जाकीट. जाकीट चढावर काढायचं आणि माथ्यावर थांबलं की लगेच घालायचं, उतार सुरू होईपर्यंत थांबायचं नाही. घामेजलेल्या अंगाने उतार उतरलं की दुसऱ्या दिवशी नाक गळतं.

पूर्ण बोटांचे हातमोजे आणा. गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही.

खायचं काय?

सकाळी पोहे किंवा उपमा आणि चहा. दर तासाला काहीतरी तोंडात टाकायचं: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. भूक लागल्यावर खायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर.

शेंडीला जेवण घरगुती असतं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण आणि इथल्याच शेतातला भात. भाकरी चुलीवरून येईल तशी गरम वाढली जाते, म्हणून पंधरा जणांना एकदम मिळत नाही. ताटावर बसून ‘मावशी, अजून एक’ म्हणून ओरडू नका, पाळी येते. जमलं तर उठून वाढायला मदत करा.

आता मिसळ. नाशिकला येऊन मिसळ खायची नाही असं कोण म्हणेल? पण ती तिसऱ्या दिवशी, नाशिकात पोचल्यावर. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, बाजूला दही, खुशाल दोन प्लेट घ्या. चौथ्या दिवशी सकाळी वणीकडे निघताना जो मिसळ खाईल त्याला नांदुरीच्या पाचव्या किलोमीटरला ती आठवेल.

गावात वागण्याचे काही नियम आहेत का?

आहेत, आणि ते सायकलच्या नियमांपेक्षा कडक आहेत.

अकोले, इगतपुरी आणि त्र्यंबक तालुक्यांतल्या बऱ्याच वाड्यापाडे महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या आहेत. माणसं आतिथ्यशील आहेत. उन्हात उभं राहिलात तर कुणीतरी तांब्या घेऊन येतंच. पाणी घ्या, ‘राम राम’ म्हणा, दोन शब्द बोला. पण डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईसमोर न विचारता मोबाईल धरू नका. एप्रिल-मेमध्ये याच बाया टँकरची वाट बघतात. धरणं त्यांच्या दारात आणि पाणी शहराकडे, ही जुनी दुखरी गोष्ट आहे. तुमच्या फोटोखाली ‘सुंदर ग्रामीण जीवन’ असं लिहिलेलं त्यांना कळत नसेल, पण आम्हाला कळतं.

पोरांना चॉकलेटं वाटत सुटू नका. पुढच्या गटाच्या सायकलींमागे ती मुलं रस्त्याच्या मधोमध धावतात. द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना किंवा बाईंना विचारून वह्या द्या.

रस्त्यावर वाळत घातलेल्या भातावरून, पेंढ्यावरून सायकल नेऊ नका, उतरून कडेने जा. कुत्री अंगावर आली तर जोरात पॅडल मारण्यापेक्षा उतरा आणि सायकल मध्ये धरा, बहुतेक कुत्र्यांचा उत्साह लगेच ओसरतो.

द्राक्षबागा कुठे लागतात? आत जाता येतं का?

तिसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या परिसरात आणि चौथ्या दिवशी दिंडोरीच्या आसपास. नाशिकच्या बागा बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकतं आणि ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत उतरवलं जातं. आपल्याकडे ते वेळापत्रक पाळलं तर घड पावसात सडतील. म्हणून इथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून येणाऱ्या काडीत पुढच्या घडाची तयारी होते. मग पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिच्यानंतर फुटवा, फुलोरा, मणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे फळ सगळं हिवाळ्यात पोसतं. सहाशे मीटरच्या आसपासची उंची, दुपारी ऊन आणि रात्री गारठा, यामुळे साखर भरते तरी आंबटपणा टिकून राहतो. वाइनला हा आंबटपणा लागतोच. फसफसणाऱ्या वाइनसाठी तर तो आणखी हवा असतो, म्हणून तिची द्राक्षं सगळ्यांच्या आधी उतरवतात.

खायची आणि वाइनची द्राक्षं सायकलवरूनही ओळखता येतात. खायची थॉमसन, सोनाका, शरद यांची बाग मांडवावर किंवा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तारांवर असते, घड लांब, मणी टपोरे. वाइनची बाग बहुधा उभ्या तारांवर, कुंपणासारखी. मणी बारीक, सालीला जाड, आत बिया. शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाचा घड हातात घेतला तर ‘हे काय चिमणं द्राक्ष’ असं वाटेल. पण रेड वाइनचा रंग त्या सालीतूनच उतरतो, म्हणून मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

आत जायचं तर मालकाला विचारून. तोडायचं तर अजिबात नाही. हा नियम सौजन्यापुरता नाही. निर्यातीच्या बागांची अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंद असते, फळात औषधांचे अंश किती उरलेत याची तपासणी होते आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं हे ठरलेलं असतं. पानांवर निळसर डाग दिसले तर ते बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे. अशा वेलीवरचा घड न धुता तोंडात टाकणाऱ्याला आम्ही काय म्हणणार?

आणि डाऊनी, भुरी (हे दोन द्राक्षाचे रोग), अवकाळी, गारपीट हे शब्द तिथे जपून वापरा. आदल्या आठवड्यात गारा पडून गेल्या असतील तर समोरच्याचं वर्ष गेलेलं असतं. फेब्रुवारीत रस्त्याकडेला क्रेट मांडून विक्री चालू असते. तिथून विकत घ्या, भाव फार ताणू नका.

मग वाइन कधी? तिसऱ्या दिवशी तर आपण वायनरीच्या दारावरूनच जातो!

जातो, आणि थांबत नाही. गोवर्धनजवळच्या रस्त्यावर सुला, यॉर्क अशा वायनरी लागतात. वेळ साधारण सकाळी अकराची असते, आणि दर वर्षी कुणीतरी ‘फक्त एक ग्लास’ म्हणतंच. उत्तर नाही असं आहे. वायनरी आपण चौथ्या दिवशी संध्याकाळी, गडावरून टेम्पोने परत आल्यावर, सायकली बांधून झाल्यावर आणि आंघोळी उरकल्यावर करतो.

कारण साधं आहे. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. चढावर घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती लवकर चढते. हँडलवर हात थरथरला तर तुम्ही एकटे पडत नाही, मागच्या दोघांना घेऊन पडता. टेस्टिंगनंतर, म्हणजे वाइन चाखून झाल्यावर कुणीही सायकलवर बसत नाही, हॉटेल दोन किमीवर असलं तरी.

दुसरं म्हणजे चौथ्या दिवशी नांदुरीचा घाट आहे. दहा किमीत सुमारे पाचशे मीटर चढ, आणि तोही दिंडोरी-वणीचे पन्नासेक किमी अंगावर घेतल्यावर. आदल्या रात्रीची वाइन त्या उन्हात कशी लागते हे कळून घेण्याची गरज नाही. गडावर बरेच जण देवीच्या दर्शनालाही जातात. वायनरीची पायरी त्यानंतर चढली की कुणाच्याच मनाला टोचत नाही.

टेस्टिंगमध्ये नेमकं काय असतं?

आधी कारखाना दाखवतात. स्टीलच्या मोठ्या टाक्या, थंड खोल्या, ओक लाकडाची पिंपं. व्हाइट वाइनचा रस आधी पिळून मग आंबवतात, रेडचा सालींसकट. एवढं लक्षात ठेवलं की अर्धी फेरी समजते. मग टेबलावर चार-सहा वाइन थोड्या थोड्या ओततात. हलक्यापासून जड चवीकडे जायचं. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्याँ ब्लां या व्हाइट आधी, शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्याँ या रेड नंतर. ग्लास देठाला धरा, वास घ्या, घोटभर घ्या. आवडली नाही तर समोरच्या भांड्यात ओतून द्या, त्यासाठीच ते ठेवलेलं असतं. ‘पेरूचा वास येतो’ असं सांगणारा माणूस दिसला तर हसू नका. सोव्हिन्याँ ब्लांला खरंच येतो.

२१ वर्षांखालच्या कुणालाही आम्ही टेस्टिंगला बसवत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा. बाटल्या विकत घेतल्या तर बिल सांभाळा.

मी पीत नाही. माझा काय उपयोग?

तुमच्यासारखे दर वेळी निम्मे तरी असतात. कारखाना बघायला या, द्राक्षाचा रस प्या, नसेल यायचं तर गोदाकाठी फिरून या. कुणी आग्रह करणार नाही, आणि केला तर मागे सायकल चालवणाऱ्या त्या संयमी माणसाला सांगा. त्याचा संयम तेवढ्यापुरता संपतो.

महिलांसाठी सोय कशी असते?

गटात महिला नेहमी असतात, अनेकदा मागची जबाबदारीही त्याच घेतात. मुक्कामी वेगळ्या खोल्या मिळतात. रस्त्यातल्या स्वच्छतागृहांचा प्रश्न खरा आहे. बारी ते शेंडी आणि वैतरणा ते पहिने या पट्ट्यांत ती जवळपास नाहीत. म्हणून घोटी आणि त्र्यंबक इथले थांबे त्या हिशेबाने ठरवलेले आहेत. मधे गरज लागली तर टेम्पोतल्या ताईंना सांगायचं, त्या जवळच्या घरी विचारतात. आजवर कुठल्या घराने नाही म्हटलेलं नाही.

ई-सायकल चालेल का?

चालेल. दुसऱ्या दिवशीचे ७५ किमी बॅटरीत बसतात का ते आधी बघा, चार्जिंग फक्त मुक्कामी मिळेल. चढावर बॅटरी चालू करून पुढच्या जाणकाराला ओलांडायचं नाही, हा नियम तुम्हालाही लागू.

आलोच आहोत तर कळसूबाई करून घेऊया?

१६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, अगदी रस्त्याला लागून. मोह होतो. पण तो चढ-उतार म्हणजे अर्धा दिवस आणि शिड्या. त्या पायांनी दुसऱ्या दिवशी ७५ किमी होत नाहीत. एक दिवस आधी या, कळसूबाई करा, विश्रांती घ्या आणि मग आम्हाला येऊन मिळा. भंडारदऱ्यात संध्याकाळी वेळ उरला तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर टेम्पोने बघून येता येतं. मंदिराचं कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी दोन्ही बघण्यासारखी आहेत.

पावसाळ्यात का नाही काढत? तेव्हा तर सगळं हिरवंगार असतं.

इगतपुरीच्या पावसात समोरच्या सायकलचा लाल दिवा दिसत नाही. पहिने आणि भंडारदऱ्याच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी धबधब्यांच्या गर्दीने गाड्या हलत नाहीत, बागांत घड नसतात आणि श्रावणात त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसते. हिरवं बघायचंच असेल तर सप्टेंबरअखेर एकट्याने या, तेव्हा खुरासणी पिवळीधमक फुललेली असते.

चैत्रोत्सव आणि नवरात्रात नांदुरीचा घाट खासगी गाड्यांना बंद असतो, तेव्हा आमची सहल नसतेच. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या आसपासही त्र्यंबकचा टप्पा ठेवणार नाही. त्या वेळी तिथे सायकल न्यायची म्हणजे यात्रेकरूंच्या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या डोक्याला ताप.

रेंज, दवाखाना?

भंडारदरा आणि पहिनेच्या टापूत रेंज येते-जाते. रस्त्याचा नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवा. टेम्पोत प्रथमोपचार आहे, घोटी आणि त्र्यंबकला ग्रामीण रुग्णालयं आहेत, मोठं काही झालं तर १०८ आणि नाशिक. मधुमेह, दमा, रक्तदाब असेल तर नावनोंदणीच्या वेळी सांगा, लपवू नका. गोळ्या टेम्पोतल्या बॅगेत न टाकता अंगावरच्या खिशात ठेवा.

पैसे किती आणि ते कशाचे?

राहणं, जेवण, टेम्पो आणि डिझेल यांचा खर्च माणसी वाटून घेतो, हिशेब शेवटी सगळ्यांना पाठवतो. नफा नाही, म्हणून सवलतही नाही. टेस्टिंगचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, कारण न पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांची बिलं का भरावीत? वाड्यांवर यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण रेंज गेली की ते निरुपयोगी. दहा-वीसच्या नोटा खिशात असू द्या.

ऐनवेळी रद्द करावं लागलं तर?

आठवडाभर आधी कळवलंत तर पूर्ण पैसे परत. त्यानंतर शेंडीच्या मुक्कामाचा तुमचा वाटा कापून उरलेले परत, कारण त्या घरी माणसं मोजून दळण आणि भाजी आणलेली असते.